दिवेलागणीचं विरजण

मी बेळगावातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हे आमच्या गावात अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की आई सांगते, "दुर्बिणीतनं किडं बघती." त्याचा परिणाम असा, की एकदा गावातल्या एका शेतकऱ्यानं वांग्यावरच्या अळ्या डब्यात भरून, झाकणाला भोकं पाडून, निपाणीहून सुटणाऱ्या बसच्या कंडक्टरबरोबर माझ्याकडं पाठवल्या. सोबत निरोप, बघून औषध सांगा. कंडक्टरला वाटलं खाऊ आहे. संकेश्वरपर्यंत त्यानं दम धरला आणि मग झाकण उघडलं. तो आजही मला बसमध्ये बघितलं की तिकीट फाडायच्या आधी माझ्या पिशवीकडं बघतो.

तर अशा गावात मी फिनलंड आणि केनिया घेऊन गेले, ती ही हकिकत.

आमचा तीन देशांचा मिळून एक प्रकल्प होता. फिनलंडचे एक प्राध्यापक, केनियातल्या एक संशोधक बाई आणि मी. विषय, घरोघरच्या दह्यातले जंतू. दुधाला विरजण लावायचं, त्या दह्यातलं थोडं उद्यासाठी ठेवायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं म्हणजे प्रत्येक घराच्या दह्यात त्या घराचं असं एक जंतूंचं गोत वस्तीला असणार. ते शोधायचं. फिनलंडात दही तार धरणारं असतं, केनियात वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात दूध आंबवतात, आणि आमच्याकडं आमचं. महिन्यातून एकदा तिघं व्हिडिओवर भेटायचो. केनियाच्या बाईंच्या मागं कोंबडा आरवायचा, माझ्या मागं लग्नाचा बँड वाजायचा, आणि फिनलंडच्या सरांच्या मागं कायम अंधार. बोलायच्या आधी ते इतका वेळ गप्प बसायचे, की नेट गेलं समजून मी दोनदा राऊटर बंद करून चालू केला.

पहिल्या वर्षाच्या शेवटी ठरणार होतं, आमचं कॉलेज पुढं प्रकल्पात राहणार की नाही. घरोघरी वेगळे जंतू सापडले तर राहणार, नाहीतर दाराबाहेर. आणि वेगळे सापडणारच, असं मी छाती ठोकून सांगितलं होतं. कारण दिवाळीत मी गावातली वीसेक घरं फिरून, वाटी-वाटीनं दही चाखून, घसा बसवून घेतला होता. एक आंबट, एक गोडसर, एकाला चुलीच्या धुराचा वास. आणि थोरल्या गल्लीतल्या एका घरात तर चक्क तार धरणारं. मी हे फिनलंडला कळवलं, तर सरांचं उत्तर मिनिटात आलं आणि त्यात चक्क उद्गारचिन्ह होतं. तारेच्या दह्यासाठी माणूस भारतात यायला निघाला.

आता असं तारेचं दही आपल्याकडं बिघडलं म्हणून म्हशीला घालतात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं की नको, याचा मी विचारच केला नाही.

जानेवारीत दोघं बेळगावला आले. गावी पुढच्या आठवड्यात जायचं होतं. पण मध्येच त्या आठवड्यात कुणीतरी बंद पुकारला. मराठीवाल्यांनी की कन्नडवाल्यांनी ते आता आठवत नाही, बस दोघांच्याही बंदला बंदच असतात. म्हणून ठरलं, उद्याच सकाळी निघायचं. मी दुपारी आईला फोन केला, "आई, पाव्हणे उद्याच येत्यात. घराघरातलं दही घेणार. सगळ्यांना सांगून ठेव."

आईनं सांगितलं. चार वाजेपर्यंत गावाला कळलं की परदेशी साहेब दही तपासायला येणार. आणि गावाला 'तपासायला' या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे, नापास.

इथं आमच्या भागाची एक रीत सांगितली पाहिजे. दिवेलागण झाली की दूध, दही, ताक, विरजण कुणी घराबाहेर देत नाही. दिलं तर लक्ष्मी जाते. शेजारीण दारात रडली तरी "उद्या सकाळी ये गं" म्हणून परत पाठवतात. आमच्या घरी मात्र ही रीत नव्हती. आमचं घर बुद्धविहारापलीकडच्या गल्लीत. आई म्हणते, लक्ष्मी आपल्याकडं कधी नीट बसलीच न्हाय, जायला काय भ्यायचं? आईची एक म्हैस आहे, आणि तिचं दही माझ्या भावाच्या लग्नात गावानं असं हाणलं होतं की जेवण आटोपल्यावर आचाऱ्यापेक्षा म्हशीचंच कौतुक झालं.

पण लग्नात जेवणं वेगळं आणि विरजण वेगळं. जेवण पोटात जातं आणि संपतं. विरजण घरात येतं, रोज नव्या दुधात जातं, आणि राहतं. माझ्या लहानपणी आई थोरल्या गल्लीत तंबाखूच्या खळ्यावर कामाला जायची. तिथल्या थोरल्या घरात तिच्यासाठी चहाचा कप वेगळा होता आणि तो गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. आता दिवस बदललेत. आता त्या घरची माणसं आमच्या सोफ्यावर बसून चहा पितात, माझ्याकडं पोरांच्या ॲडमिशनचा सल्ला मागतात. पण विरजण आमच्याकडून त्या गल्लीत कधी गेलेलं मी ऐकलं नव्हतं. तो राग माझ्या मनात अजून आहे, आणि का नसावा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा खाली उतरवल्याबरोबर पारावरच्या एका आजोबांनी विचारलं, "मासळी कशी दिली?" मग फिनलंडच्या सरांकडं बघून ते एकदम कन्नडवर गेले. आमच्या भागात हातात पेन असलेल्या अनोळखी माणसाशी कन्नड बोलणं सुरक्षित. सरांनी नेहमीप्रमाणे उत्तराआधी लांबलचक मौन घेतलं, त्यामुळे आजोबांची खात्री पटली की हा मोठा अधिकारी आहे. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तपासून काय ठरणार हाय गं?"

"कुठल्या घरात कुठले जंतू ते कळणार, आप्पा."

"ते ऱ्हाऊ दे. दही मराठी निघतंय का कानडी, तेवढं सांग. मग आमी काय ते बघून घेतो."

केनियाच्या बाईंना बायकांनी पाच मिनिटांत ताब्यात घेतलं. त्यांच्या बारीक वेण्या सगळ्यांनी हात लावून बघितल्या, त्यांनी बायकांच्या हिरव्या बांगड्या बघितल्या, आणि एकही समान शब्द नसताना दोन्ही बाजूंनी भरपूर गप्पा झाल्या. सर मात्र थोरल्या गल्लीच्या त्या तारेच्या घरासाठी आतुर. तिथं गेलो. वहिनींनी स्टीलचं भांडं पुढं ठेवलं. दही असं घट्ट, की त्यात चमचा उभा राहावा. सरांनी चमचा बुडवून वर उचलला. तार नाही. परत उचलला. नाही. लांबून आलेल्या पाहुण्याला मयताचीच बातमी मिळावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"वैनी, दिवाळीत तुमच्या दह्याला तार होती," मी म्हटलं.

"आमच्यात? तार?" वहिनी कडाडल्या. "आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या दह्याला तार न्हाय! दुसऱ्या कुणाचं खाल्लं असशील."

घरोघरी तसंच घट्ट, गोड, पांढरंशुभ्र दही. मला वाटलं, थंडीत कसलं भारी लागलंय गावाचं दही! इतकी शिकलेली बाई मी, पण पाहुण्यांसमोर गावाची लाज राहिली या आनंदात माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

नमुने देशाबाहेर न्यायचे तर परवानग्यांचा डोंगर, म्हणून डीएनए बेळगावातच काढून फक्त त्याच्या क्रमाची अक्षरं दोघांना पाठवायची असं ठरलं होतं. पाठवली. काही दिवसांनी फिनलंडहून पत्र आलं. सगळ्या घरांत एकच जंतू, सख्ख्या जुळ्यांसारखा. एकाच भांड्यातून सगळ्या नळ्या भरल्यावर जसं दिसेल तसं दिसतंय, कृपया खुलासा करावा. उद्गारचिन्ह नव्हतं. फिनलंडच्या माणसानं 'कृपया' लिहिलं म्हणजे तो किती चिडलाय हे केनियाच्या बाईंनी मला वेगळं कळवलं, आणि खाली लिहिलं, घाबरू नकोस.

मी घाबरले. तडक गावी गेले. आई म्हशीची धार काढत होती. मी सगळं सांगितलं, की मला चोर ठरवताहेत, कॉलेज प्रकल्पातून जाणार, आणि जंतूंच्या जगात माझं नाव खराब होणार ते वेगळंच.

आईची धार थांबली. मग परत सुरू झाली.

"त्या रातीला इरजान न्यायला आलत्या बायका," ती म्हशीच्या पोटाला सांगितल्यासारखं म्हणाली. "आपापलं दही पातळ पडलंय म्हणून घाबरल्या. कुणाकडं पिशवीतलं इकतचं. दिवं लागलेलं, दुसरं कोण देणार? मी दिलं."

"कोण कोण आलतं?"

"ते इचारू नगंस."

"आई!"

"शब्द दिलाय. परसदारानं आल्या, पदराखाली वाटी. एकेकीनं म्हटलंय, मावशी, कुणाला कळू देऊ नगा. मी कुणाला सांगणार न्हाय."

"माझं नाव जातंय गं!"

"तुजं नाव तू शिकून मिळवलंयस, परत मिळवशील," आई म्हणाली. "त्यांच्या घरात कळलं तर सासवा त्यास्नी जित्या ठेवतील व्हय?"

मला इतका संताप आला की मी न जेवता उठले. अर्ध्या तासानं परत येऊन जेवले, कारण आईनं अंबाड्याची भाजी केली होती. पण संताप होताच. ज्या गल्लीनं हिचा कप गोठ्यात ठेवला, त्या गल्लीची अब्रू ही बाई माझ्या जिवावर झाकत होती.

सरांना नुसतं 'आईनं दिलं' म्हणून भागणार नव्हतं. कुठल्या घरात गेलं हे त्या-त्या घरानं सांगायला हवं होतं. सरांनी वर अट घातली, नमुने पुन्हा घ्या, आणि या वेळी आम्ही दोघं फोनवरून बघणार. मी कबूल केलं. दुसरा मार्ग काय होता?

रविवारी सकाळी मी थोरल्या घराच्या ओसरीपासूनच सुरुवात केली. डेअरीच्या दुधाच्या कॅनला टेकून फोन उभा केला. त्यात एका खिडकीत सर आणि अंधार, दुसऱ्या खिडकीत बाई आणि कोंबडा. बघता बघता सगळी गल्ली जमली. आप्पा फोनच्या अगदी जवळ येऊन "मराठी का कानडी?" असं सरांच्या कपाळाला विचारून गेले. ओसरीवर त्या घरची म्हातारी आक्का बसली होती. जवळ तिची सून, दह्याचं भांडं घेऊन. आई मला अडवायलाच आली होती, पण गर्दी बघून रस्त्यापलीकडं नळापाशी थांबली.

केनियाच्या बाईंनी विचारलं, हे विरजण कुठून आलं? मी त्याचं मराठी केलं.

"आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासनं चालत आलंय," सून म्हणाली.

"शंभर वर्षांचं हाय," आक्कानं मान डोलावली.

मी दोन्ही वाक्यं इंग्रजीत केली. अशी खोटी वाक्यं इतक्या शुद्ध इंग्रजीत मी आयुष्यात कधी केली नव्हती.

केनियाच्या बाई हसायला लागल्या. हसतच त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या पीएचडीच्या वेळी परदेशी प्राध्यापक त्यांच्या गावी येणार म्हणून गावातल्या सगळ्या बायकांनी त्यांच्या मावशीच्या तुंब्यातलं दूध गुपचूप नेलं होतं. सगळ्या घरांत एकच जंतू निघाला. बाईंना लबाड म्हणून वर्षभर मागं ठेवलं. गावात प्रत्येकीला खरं माहीत होतं, एकीनंही तोंड उघडलं नाही. कितीतरी वर्षांनी मावशीनं कुणाच्यातरी लग्नात ते हसत हसत सांगितलं, तेव्हा बाईंना हसावं की मावशीचा गळा धरावा कळेना.

मी हे जसंच्या तसं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. आणि पुढं म्हटलं, "आता माझंबी तेच व्हणार हाय. सर म्हणत्यात, मी एकाच भांड्यातनं सगळ्या नळ्या भरल्या."

बायका एकमेकींकडं न बघता एकमेकींकडं बघत होत्या. तारेच्या घरची वहिनी आपल्या पायाच्या बोटाशी खेळत होती. मी नळाकडं बघितलं. आई मला डोळ्यांनी सांगत होती, पुरे कर.

"म्हंजे ही पोरगी लबाड ठरणार व्हय?" आक्कानं विचारलं.

"व्हय, आक्का," मी म्हटलं.

आक्का काठी टेकत उभी राहिली. फोनपुढं आली. सरांनी आदरानं मान लववली, तिनं त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. ती मला म्हणाली, "त्यास्नी इंग्रजीत सांग. इरजान तुज्या आईच्या घरातनं आणलंय. मी आणलंय. दिवं लागल्यावर, परसदारानं. कारण आमच्या सुनंला दही लावाया येत न्हाय."

सुनेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुमी? तुमी आणलतं?"

"मग काय तू आणलंस?"

"मीच आणलं!" सून ओरडली, आणि मग तोंडावर हात दाबला. पण वेळ गेली होती. सासूला कळू नये म्हणून सुनेनं नेलं होतं, सुनेला कळू नये म्हणून सासूनं, आणि एकाच संध्याकाळी दोघी एकामागोमाग आमच्या परसदारी येऊन गेल्या होत्या. आईनं दोघींनाही शब्द दिला होता आणि दोघींचाही पाळला होता. त्या घरात दोन भांड्यांत दोन वेळा एकच दही लागलं होतं.

मग कोण थांबतंय? "मीबी नेलं की," तारेच्या घरची वहिनी म्हणाली. "आमच्यात तारच व्हती, खोटं कशाला बोलू?" तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. पुरुष मंडळी आ वासून उभी. मी भाषांतर करायचं सोडून हसत होते आणि डोळे पुसत होते. सर फोनमधून सारखे विचारत होते, ती काय म्हणाली? आता ती दुसरी काय म्हणाली? शेवटी केनियाच्या बाईंनीच त्यांना समजावलं. मराठीचं एक अक्षर येत नसताना त्यांना सगळं कळलं होतं.

सरांनी त्यांचं ते प्रसिद्ध मौन घेतलं. मग म्हणाले, माझं चुकलं, मी तुमची क्षमा मागतो. आणि पुढं म्हणाले, नमुने राहू द्या. विरजण एका संध्याकाळात गावभर कसं जातं, हे आजवर कुणी असं बघितलेलं नाही, पुढच्या वर्षी तेच बघू. म्हणजे आम्ही प्रकल्पात राहिलो. फक्त एक विचारा, ते म्हणाले, त्यांचं मूळचं विरजण अजून आहे का?

मी आक्काला विचारलं.

"न्हाय. ते मी दुसऱ्या दिवशीच म्हशीच्या आंबोणात वतलं. आता घरात हेच हाय. नातवंडं हेच खात्यात."

आई अजून नळापाशीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आपलं नाव चारचौघांत घेतलं गेलं म्हणून अवघडलेली. आक्कानं ओसरीवरून तिला हाक मारली. सगळी गल्ली ऐकत होती.

"अगं, उद्या आणिक वाटीभर लागंल. हे आंबट व्हाय लागलंय. सकाळी येतो मी. उजेडात."

आईनं पदर सोडला.

"या की," ती म्हणाली. "वाटी मोठी आणा."